गोड पाण्याची उलटतपासणी

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून, किरकटवाडी, नांदेड, धायरी अशा एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांमधून, माणसं एकामागून एक रुग्णालयात येऊ लागली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतली शक्ती जाणं, जिना चढता न येणं. काहींना थेट व्हेंटिलेटर लावावा लागला. गुलेन बारी सिंड्रोम हे नाव तोवर डॉक्टरांपुरतं होतं, ते पंधरवड्यात घरोघरी पोचलं. पोटातल्या जंतुसंसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा आजार. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड गावातली पाणीपुरवठ्याची मोठी विहीर, खासगी बोअरवेल, टँकर, जारचं पाणी विकणारे आर.ओ. प्रकल्प, सगळ्यांचे नमुने घेतले गेले.

यांतली किरकटवाडी, नांदेड ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण पाणी जुन्याच व्यवस्थेतून येत होतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन मिसळायचा आणि ते पुढे सोडायचं, मध्ये गाळण केंद्र नाही. तपासणीत काही घरांच्या नळांना शेष क्लोरीन आढळलाच नाही. काही खासगी आर.ओ. प्रकल्पही महापालिकेला बंद करावे लागले. म्हणजे विहिरीच्या पाण्याचा भरवसा नाही म्हणून ज्यांनी पैसे मोजून जार आणले, त्यांच्याही पाण्याची शाश्वती नव्हती.

पाण्याबद्दल विचारलं की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं : ‘पाणी गोड आहे हो, वर्षानुवर्षं पितोय, कुणाला काही झालं नाही.’ हे उत्तर खोटं नसतं, अपुरं असतं. जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायला मुळात दुसरा प्रश्न विचारावा लागतो. सुरक्षित आहे, ते कशापासून? जंतूंपासून, फ्लोराइडपासून, नायट्रेटपासून की आर्सेनिकपासून? यांतल्या प्रत्येकाची तपासणी निराळी, ऋतू निराळा आणि उपायही निराळा. एकावरचा उपाय कधीकधी दुसऱ्याला वाट करून देतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांतला आपला इतिहास नेमका तोच आहे.

बारवेकडून बोअरकडे

महाराष्ट्रातल्या बारवा आज वारसा म्हणून झाडल्या-पुसल्या जातात आणि ते योग्यच आहे. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायची, ही पद्धत नारूच्या जंताला सोयीची होती. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात पडला की जंताची पिल्लं पाण्यात सुटायची, तिथल्या सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात वाढायची आणि पुढच्या घागरीतून दुसऱ्याच्या शरीरात जायची. उपाय साधा होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करा किंवा वरून पोहरा टाकता येईल अशा करून घ्या, पाणी गाळून प्या आणि हातपंप बसवा. १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

या यशात हातपंपाचा वाटा मोठा आहे आणि त्या हातपंपात महाराष्ट्राचा. साठच्या दशकाअखेरीचे आणि पुढे १९७२चा असे दुष्काळ पडले, तेव्हा कठीण खडक फोडणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. बोअर पडत होत्या, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावाच्या वापरापुढे टिकत नव्हते. जालन्यात आणि सोलापुरात मिशनरी संस्थांच्या कामातून दणकट पोलादी पंप तयार झाले. ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ ही त्यांची नावं. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने यांतूनच ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि जगभर गेला. शाळेच्या कोपऱ्यात, मारुतीच्या पारापाशी आजही उभा असतो तो हाच.

खोल बोअरच्या पाण्यात जंतू कमी. वरची माती आणि मुरूम गाळणीचं काम करतात, पाणी झाकलेलं राहतं. म्हणून ते ‘सुरक्षित’ ठरलं. जंतूंपुरतं ते खरंही होतं. पण खोलातलं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं आणि खडकात जे असतं ते त्यात उतरतं.

फक्त जंतू पाहून पाणी सुरक्षित मानण्याच्या चुकीची सगळ्यांत मोठी किंमत बंगालने मोजली. तळ्यांच्या पाण्याने होणारा पटकी-हगवणीचा मृत्यू टाळण्यासाठी बांगलादेशात सत्तरच्या दशकापासून लाखो नळविहिरी खोदल्या गेल्या. त्या पाण्यात हिमालयातून आलेल्या गाळातलं आर्सेनिक होतं. पश्चिम बंगालमध्ये डॉ. के. सी. साहा यांना १९८३ च्या सुमारास त्वचेवर डाग आणि तळव्यांवर कठीण गाठी असलेल्या रुग्णांत ही विषबाधा ओळखू आली. बांगलादेशात त्याची नोंद व्हायला १९९३ उजाडलं. नंतर सुमारे ५० लाख नळविहिरी तपासल्या गेल्या, बऱ्या त्या हिरव्या रंगवल्या, वाईट त्या लाल. लाल झालेल्या होत्या सुमारे १४ लाख.

या कहाणीतला सगळ्यांत बोचणारा भाग न्यायालयातला आहे. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास केला होता. अनेक मूलद्रव्यं मोजली, आर्सेनिक मोजलं नाही. एका बाधित गावकऱ्याने पुढे इंग्लंडमध्ये दावा लावला : तुमचा अहवाल वाचून पाणी बरं आहे असं सगळे समजले. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला. संस्थेची त्या गावकऱ्याशी कायदेशीर बांधिलकी नव्हती, असा निर्णय झाला. कायद्याचं काय असेल ते असो, पाणी पिणाऱ्याने यातून एवढं घ्यावं : अहवालात जो रकानाच नाही, त्याबद्दल अहवाल काहीही सांगत नाही.

डाळ शिजते, म्हणजे पाणी चांगलं?

गावात पाण्याची पारख जिभेवर, डाळीवर आणि साबणावर होते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे थर बसतात, ते पाणी जड. डाळ चटकन शिजली, फेस भरपूर आला, तर पाणी हलकं आणि म्हणून चांगलं. ही पारख कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची आहे आणि तेवढ्यापुरती ती बिनचूक आहे. घोटाळा होतो तो फ्लोराइडच्या पट्ट्यात. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं, पाण्यात फार राहू देत नाही. कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड मोकळं वाढतं. पण असंच पाणी साबणाला फेस आणतं आणि डाळही लवकर शिजवतं. म्हणजे ज्या कसोटीवर घरातली बाई पाणी निवडते, त्याच कसोटीवर काही गावांत वाईट पाणी पहिल्या नंबराने पास होतं.

यवतमाळचा पांढरकवडा-झरी जामणीचा भाग, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यातला किनवट या बाजूला फ्लोराइडचा त्रास जुना आहे. मुलांचे पक्के दात येतानाच त्यांवर खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी पट्टे दिसतात. दात घासून ते जात नाहीत, कारण डाग वरचा नसतो, दात घडतानाच आत बसलेला असतो. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हाडं आणि सांधे धरतात, मान वळत नाही, पाठ वाकते. देशात हा आजार पहिल्यांदा शास्त्रीय नोंदीत आला १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून. त्यावर उपाय शोधला तो मात्र नागपूरने. तिथल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत तयार केली, ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. स्वस्त आहे, पण रोज मोजून मात्रा द्यावी लागते आणि तळाशी बसलेला गाळ कुठेतरी नीट टाकावा लागतो. जिथे ही रोजची निगा राहत नाही, तिथे टाकी उभी असते आणि गाव पुन्हा हातपंपावर.

जीभ जिथे खरं बोलते ती जागाही महाराष्ट्रात आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. इथल्या गाळाच्या जमिनीखालचं पाणी इतकं खारट की एकेकाळी काही विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं जाई. हे पाणी गोड आहे असं कुणी म्हणत नाही. म्हणून तर वान धरणावरून ८४ खेडी योजनेसारख्या लांबच्या योजना आणाव्या लागल्या. खारं पाणी निदान स्वतःची ओळख करून देतं. फ्लोराइड आणि नायट्रेट यांना रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यातल्या प्रमाणात चवही नाही.

खडक वेगळा, प्रश्न वेगळा

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बसाल्टचा आहे. विहीर खोदणारे त्याचे थर नावाने ओळखतात : वर माती, मग मुरूम, खाली मांजऱ्या आणि मध्ये मध्ये काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. इथे आर्सेनिकची भीती बंगालइतकी नाही. पण भेगांचा स्वभाव असा की पाणी वाळूतून झिरपतं तसं सावकाश झिरपत नाही, भेग सापडली की धावतं. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर यांत १५ मीटर अंतर ठेवा, हा नियम मातीच्या जमिनीत बऱ्यापैकी चालतो. भेगाळलेल्या खडकात तेवढ्यावर विसंबता येत नाही, खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हेही पाहावं लागतं.

बसाल्टच्या मुलखात मोठा होत चाललेला प्रश्न नायट्रेटचा आहे. युरिया, गोठ्याचं मूत, उकिरडे, सेप्टिक टँक हे त्याचे स्रोत. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलं. नायट्रेट सर्वाधिक असलेल्या १५ जिल्ह्यांच्या यादीत ७ जिल्हे महाराष्ट्रातले आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. इथे आजीचा सल्ला, ‘पाणी उकळून घे गं’, उलटा पडतो. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागे राहून आणखी दाट होतं. फ्लोराइडचंही तेच.

विहिरीभोवतीची फेरी

पाण्याचा निर्णय बाटलीत नमुना भरण्याआधी सुरू होतो, तो विहिरीभोवती चालून. महाराष्ट्रात हे काम कागदावर तरी नीट बसवलेलं आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि आरोग्य सेवक वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक स्रोताचं स्वच्छता सर्वेक्षण करतात. कठडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, सांडपाणी साचतं का, उकिरडा किती लांब, व्हॉल्व्ह गटारात बुडाला आहे का, टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, साठा आहे का? यावरून गावाला कार्ड मिळतं : लाल म्हणजे तीव्र जोखीम, पिवळं मध्यम, हिरवं सौम्य. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी.

मग टीसीएल. हजार लिटरला पाच ग्रॅम हे गणित जलसुरक्षकाला तोंडपाठ असतं. पावडर आधी बादलीत कालवायची, निवळी टाकीत सोडायची, चोथा टाकून द्यायचा आणि किमान अर्धा तास थांबायचं. पण ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो आणि पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकूनही उपयोग नसतो. म्हणून खरी परीक्षा टाकीपाशी होत नाही, गावातल्या शेवटच्या नळाला होते. तिथे शेष क्लोरीनची ओ.टी. टेस्ट करायची. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, म्हणजे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटपर्यंत पोचला. रंग आला नाही, तर मधे कुठेतरी क्लोरीन संपला, बहुधा फुटलेल्या वाहिनीतून आत येणाऱ्या घाणीशी झुंजताना.

जंतूंची प्राथमिक तपासणी गावातही होते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली एच टू एस बाटली आजही वापरात आहे. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाटली उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची, पाणी काळं पडलं की मैला मिसळल्याचा संशय. मग नमुना प्रयोगशाळेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. कल्पना उत्तम आहे. पाणी जी भरते, तिच्याच हातात तपासणीची पेटी. ती पेटी कपाटात कुलपाआड राहिली, तर मात्र योजनेच्या फलकापलीकडे काही उरत नाही.

बाटली, रकाने आणि आकडे

नमुना चुकीचा घेतला तर उत्तम प्रयोगशाळाही चुकीचं उत्तर देते. बोअरचा पंप आधी काही मिनिटं चालू द्यावा, नाहीतर बाटलीत नळीतलं शिळं पाणी येतं. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली पुरते. जंतूंसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणावी. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं, ते धुऊन टाकायचं नसतं. कारण पाण्यात उरलेला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहिला, तर अहवाल घरातल्या नळापेक्षा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिलेल्या पाण्याचा जंतूंचा अहवाल चहाच्या टपरीवरच्या चर्चेइतकाच विश्वासार्ह.

अहवाल हाती आला की भारतीय मानक आयएस १०५०० समोर ठेवून वाचायचा. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. आर्सेनिक ०.०१. विद्राव्य क्षार (टीडीएस) ५०० बरे, पर्याय नसेल तर २०००. काठिण्य २०० आणि ६००. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. यांत दोन वर्ग आहेत, हे ध्यानात ठेवावं. जंतूंचा धोका एका घोटात असतो आणि पहिल्या पावसात एका रात्रीत येतो. रसायनांचा धोका वर्षांच्या हिशोबात असतो. म्हणून जंतूंची तपासणी वारंवार हवी, विशेषतः पावसाळ्यात. रसायनांची वर्षातून दोनदा : पाणी खोल गेलेल्या उन्हाळ्यात आणि पाऊस मुरल्यावर.

टीडीएसचा पेन

या सगळ्याला एक झटपट पर्याय बाजारात आहे. दारात येणारा विक्रेता खिशातून पेनसारखं मीटर काढतो, पेल्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतं. त्यात जंतू दिसत नाहीत. फ्लोराइड दोन मिलिग्रॅम असलं काय आणि अर्धा असलं काय, पेनला फरक कळत नाही. टीडीएस २०० असलेलं पाणी पटकीच्या जंतूंनी भरलेलं असू शकतं आणि ७०० असलेलं चवीला थोडं जड असूनही निर्धोक असू शकतं.

मग दुसरा खेळ होतो. दोन पेल्यांत विजेच्या सळया सोडतात. नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं, आर.ओ.चं स्वच्छ राहतं. घरातली माणसं हबकतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, सळईच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि सळई विरघळते. आर.ओ.च्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज वाहत नाही, एवढंच.

आर.ओ. निरुपयोगी आहे, असं नाही. फ्लोराइडच्या किंवा खारपाणपट्ट्याच्या गावात त्याची गरज असते. पण तिथेही प्रश्न उरतो तो टाकाऊ पाण्याचा. सगळे क्षार आणि फ्लोराइड त्यातच जमा होतात आणि ते पाणी प्रकल्पामागच्या नालीतून पुन्हा त्याच जमिनीत मुरतं. ज्या गावाला पाण्यात फक्त जंतूंची अडचण आहे, तिथे आर.ओ.पेक्षा नीट टाकलेलं टीसीएल आणि न गळणारी वाहिनी जास्त उपयोगी, आणि कितीतरी स्वस्त.

अहवाल कुणाचा?

जलजीवन मिशनने २०२१ पासून शासकीय पाणी प्रयोगशाळा सामान्य नागरिकांनाही नाममात्र शुल्कात खुल्या केल्या. आपल्या विहिरीचं, सोसायटीच्या बोअरचं पाणी कुणीही तपासून घेऊ शकतं. अडचण तपासणीची कमी आणि अहवालाच्या प्रवासाची जास्त आहे. नमुना गावातून तालुक्याला जातो, आकडे संगणकावर चढतात आणि हातपंपावर रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्यांतलं काहीच कळत नाही. बांगलादेशात पंपांना लाल-हिरवा रंग दिला, तेव्हा निरक्षर माणसालाही अहवाल वाचता आला. आपल्याकडेही प्रत्येक सार्वजनिक स्रोताच्या ओट्यावर तीन ओळी रंगवायला फार खर्च येत नाही : शेवटची तपासणी केव्हा झाली, काय काय तपासलं, काय निघालं.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीची वेळ दिवाळीच्या आगेमागेच येते. तेव्हा ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला की ‘पाणी चांगलं आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येईल. नमुना कुठल्या नळाचा होता, कुठल्या तारखेचा होता आणि अहवालात कोणते रकाने होते, हे विचारा. फ्लोराइड, नायट्रेट आणि ई. कोलाय हे तीन रकाने त्यात नसतील, तर महाराष्ट्रात तरी तो अहवाल अपुरा समजावा आणि नमुना पुन्हा पाठवायला लावावा.